दुखणे थांबल्यानंतरचा गाऊट

गाऊट, म्हणजे रक्तातल्या युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यांत साठून होणारा संधिवात, हा खाण्यापिण्याची चंगळ करणाऱ्या पुरुषांचा आजार आहे, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की शाकाहारी घरातल्या, साठी ओलांडलेल्या, दारूच्या वाऱ्यालाही उभ्या न राहिलेल्या बाईचा अंगठा सुजला, तर तो दुसऱ्या कशानेही सुजला असेल, पण गाऊटने नव्हे, असेच सगळे धरून चालतात. माझ्या बाबतीत तेच झाले. मी सांगलीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. रक्तदाबाची गोळी पन्नाशीपासून चालू होती, हाताच्या बोटांच्या टोकांच्या सांध्यांवर वयाप्रमाणे गाठी आल्या होत्या आणि त्याखेरीज सांगण्यासारखी तक्रार नव्हती. निदान होईपर्यंतचा काळ वेदनेचा होता, तरी मला त्यानंतरच्या उपचारांविषयी अधिक लिहावेसे वाटते. या आजारात वेदना थांबवणे आणि आजार आटोक्यात आणणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, आणि त्यांतले दुसरे काम काहीही दुखत नसताना, चिकाटीने करावे लागते.

पहिला झटका उन्हाळ्यात आला. घरी लग्नकार्य होते, दिवसभर उन्हातान्हात फिरणे होत होते आणि त्या गडबडीत पाणी पिण्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते. रात्री झोपताना पाय ठीक होता आणि पहाटेच्या सुमारास उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ उठली की जागच आली. उजाडेपर्यंत सांधा लालजांभळा झाला, कातडी ताणली जाऊन चकाकू लागली, हात जवळ नेला तरी ऊब जाणवे, आणि पांघरुणाचे टोकसुद्धा त्याला लागू नये असे वाटे. आमचे नेहमीचे डॉक्टर माझेच जुने विद्यार्थी. त्यांनी पाय पाहिला आणि विचारले, ‘बाई, काटाबिटा लागला का? काही चावलं का?’ अंगात थोडी कणकण होती, त्यामुळे जंतुसंसर्ग गृहीत धरून त्यांनी प्रतिजैविक आणि वेदनाशामक गोळ्या दिल्या, आणि खात्री असावी म्हणून रक्तातले युरिक ॲसिड तपासून घेतले. ते डेसिलिटरमागे ५.८ मिलिग्रॅम आले. बायकांसाठी प्रयोगशाळेने छापलेली वरची मर्यादा ६ होती. तेव्हा गाऊटचा प्रश्न तिथेच मिटला. आठवड्याभरात सूज उतरली आणि अंगठ्यावरच्या कातडीचे पापुद्रे सुटून निघाले.

पुढे मला कळले की गाऊटचा झटका औषध घेतले नाही तरी बहुधा एक-दोन आठवड्यांत आपोआप ओसरतो, त्यामुळे त्या वेळी जे काही चालू असेल त्याला बरे केल्याचे श्रेय मिळते. सूज उतरल्यावर त्वचेचे पापुद्रे निघणे हेही या आजारात नेहमी दिसते. आणि ऐन झटक्यात रक्तातले युरिक ॲसिड खाली येऊन नेहमीच्या मर्यादेत दिसू शकते, म्हणून झटका ओसरल्यावर दोनेक आठवड्यांनी ते पुन्हा तपासायचे असते. आमच्या डॉक्टरांचा तर्क हाती असलेल्या माहितीला धरून होता. ती फेरतपासणी मात्र राहून गेली, कारण पाय बरा झाला होता आणि बऱ्या झालेल्या पायासाठी रक्त कोण देतो?

दिवाळीच्या आसपास दुसऱ्या पावलाचा वरचा भाग तसाच सुजला आणि थंडीत डावा गुडघा. गुडघा पाहिल्यावर डॉक्टरांनीच सांगितले, ‘बाई, आता हे माझ्या हातात ठेवत नाही, मिरजेला दाखवून या.’ मिरजेच्या संधिवाततज्ज्ञ बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी दुखऱ्या गुडघ्याला हात लावण्याआधी माझे हात पाहिले, मग कानांच्या कडा आणि कोपरांच्या मागची बाजू चाचपली. बोटांच्या ज्या गाठींना मी वयाचा भाग समजत होते, त्यांतल्या दोन गाठींवर कातडीखाली मोहरीपेक्षा लहान पांढरे ठिपके त्यांनी मला दाखवले. नंतर माझ्या गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली आणि रक्तदाबाच्या गोळीची पट्टी उलटी करून मागचा बारीक मजकूर मोठ्याने वाचला. त्या गोळीत दोन औषधे होती आणि त्यांतले एक हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवी वाढवणारे औषध. ‘काकू, ही किती वर्षं घेताय?’ एवढेच त्यांनी विचारले आणि उत्तर लिहून घेतले.

गुडघ्यातले पाणी काढून तपासण्याची कल्पना मला भयंकर वाटली होती. प्रत्यक्षात ते काम थोडक्यात आटोपले. गुडघ्याच्या वाटीच्या बाहेरच्या कडेला जागा निर्जंतुक करून बधिर केली आणि तिथून सुई आत घातली. निरोगी सांध्यातला द्रव थोडा, पारदर्शक आणि चिकट असतो. माझ्या पिचकारीत आलेला द्रव गढूळ, पिवळट आणि पाण्यासारखा पातळ होता, आणि तो निघताच गुडघ्यातला ताण सैल झाल्याचे मला तिथल्या तिथे जाणवले. त्यातला काही भाग जंतू वाढतात का हे पाहण्यासाठी पाठवला, काही पेशी मोजण्यासाठी, आणि एक थेंब काचेवर घेतला. जंतूंची तपासणी का, असे मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या की सुजलेल्या, गरम सांध्यात गाऊट सापडला म्हणून जंतुसंसर्ग नाही असे सिद्ध होत नाही; क्वचित दोन्ही एकाच वेळी असतात, आणि जंतुसंसर्ग सुटला तर सांधा काही दिवसांत कायमचा निकामी होऊ शकतो.

मी विज्ञान शिकवत असे हे बोलण्यात निघाले होते, म्हणून त्यांनी मला सूक्ष्मदर्शकात पाहायला बोलावले. ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या प्रकाशाची सोय असलेला तो सूक्ष्मदर्शक होता. काळसर-गुलाबी पार्श्वभूमीवर दोन्ही टोकांना निमुळत्या सुया विखुरलेल्या होत्या. काही मोकळ्या, तर काही पांढऱ्या पेशींच्या पोटात आरपार गेलेल्या. मंच फिरवला की एका दिशेने आडवी असलेली सुई पिवळी दिसे आणि तीच काटकोनात वळली की निळी होई. हा रंगबदल हीच या स्फटिकांची ओळख. वयस्कर माणसांच्या गुडघ्यात कॅल्शियमच्या एका क्षाराचे स्फटिक साठूनही अगदी असाच झटका येतो, पण ते स्फटिक आखूड आणि चौकटीसारखे असतात आणि त्यांचे रंग नेमके उलट दिसतात. गाऊटच्या गाठीतला पांढरा पदार्थ सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यातल्या सुयांचे वर्णन डच संशोधक लेव्हेनहूकने १६७९ साली केले होते. सांध्यातल्या द्रवात ध्रुवित प्रकाशाने युरेटचे, म्हणजे युरिक ॲसिडच्या क्षाराचे, स्फटिक ओळखण्याची पद्धत मात्र १९६१ साली अमेरिकेत मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी रूढ केली. वर्षानुवर्षे मुलांना मोरचुदाचे स्फटिक वाढवून दाखवले, त्या मला स्वतःच्या गुडघ्यातले स्फटिक पाहताना वेदनेचा क्षणभर विसर पडला, हे नमूद केलेच पाहिजे.

त्यानंतरचा खुलासा मला पटायला वेळ लागला नाही, कारण तो शालेय रसायनशास्त्राचाच होता. पेशींमधल्या केंद्रकाम्लांत प्युरिन नावाचे घटक असतात. जुन्या पेशी मोडतात तेव्हा आणि अन्नातून, अशा दोन्ही मार्गांनी आलेल्या प्युरिनचे विघटन होऊन शेवटी युरिक ॲसिड तयार होते, आणि त्यातला मोठा वाटा शरीराच्या स्वतःच्या पेशींचा असतो. बहुतेक सस्तन प्राण्यांत युरिकेज नावाचे विकर त्याचे पुढे सहज विरघळणाऱ्या पदार्थात रूपांतर करते. माणसाच्या आणि मोठ्या वानरांच्या पूर्वजांत हे विकर लक्षावधी वर्षांपूर्वी निकामी झाले. त्यामुळे आपल्याला ते बाहेरच टाकावे लागते. सुमारे दोन तृतीयांश मूत्रपिंडांतून आणि उरलेले आतड्यांतून जाते. गाऊटच्या दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ जणांत युरिक ॲसिड जास्त तयार होत नाही. मूत्रपिंडे ते पुरेसे बाहेर टाकत नाहीत. मूत्रपिंडे गाळलेल्या युरिक ॲसिडपैकी बहुतांश पुन्हा रक्तात शोषून घेतात, आणि हायड्रोक्लोरोथायझाइडसारख्या औषधांनी हे शोषण आणखी वाढते.

शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंश सेल्सियसला, रक्तात डेसिलिटरमागे सुमारे ६.८ मिलिग्रॅम एवढेच युरेट विरघळलेले राहू शकते. त्यापुढे द्रावण अतिसंपृक्त होते आणि थंड जागी स्फटिक धरू लागते. साखरेचा पक्का पाक निवला की कडेने कणी धरतो, तोच प्रकार. पायाचा अंगठा हा शरीराच्या सर्वांत थंड कोपऱ्यांपैकी एक, शिवाय आयुष्यभर भार सोसून झिजलेला, म्हणून पहिली पाळी बहुधा त्याची. झिजलेल्या सांध्यांत स्फटिक लवकर धरतात, त्यामुळे माझ्यासारख्या बायकांत ते बोटांच्या गाठींतही सापडतात आणि तिथे ‘वयाचा संधिवात’ म्हणून खपून जातात. पाळी चालू असेपर्यंत इस्ट्रोजेनमुळे युरिक ॲसिड लघवीवाटे चांगले बाहेर पडते. पाळी गेली की हे संरक्षण संपते. पाळी थांबल्याशिवाय स्त्रीला हा आजार होत नाही, असे हिपोक्रॅटिसच्या सूत्रांत अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. इतकी जुनी गोष्ट आजही दवाखान्यांत नव्याने सांगावी लागते, याचे मला नवल वाटते.

स्फटिक साठले म्हणून लगेच दुखत नाही. ते सांध्याच्या कूर्चेवर वर्षानुवर्षे गुपचूप बसून राहू शकतात. त्यांतले काही सुटे झाले आणि पांढऱ्या पेशींनी ते गिळले की त्या पेशी दाहाचे संदेश सोडतात, आणखी पेशी धावून येतात आणि झटका पेटतो. काही दिवसांनी हा दाह स्वतःहून शमतो. स्फटिक मात्र जिथल्या तिथे राहतात. म्हणजे दोन झटक्यांमधल्या ज्या महिन्यांना मी बरे झाल्याचे महिने समजत होते, त्या महिन्यांत साठा वाढतच होता. उपचार न केल्यास झटके जवळजवळ येऊ लागतात, सांध्याचे हाड कुरतडले जाते आणि कातडीखालच्या ठिपक्यांच्या खडूसारख्या गाठी होतात. माझे ठिपके म्हणजे त्याचीच सुरुवात होती.

झटका ओसरल्यावर केलेल्या तपासणीत युरिक ॲसिड ८.९ आले. मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन १.१ होते. हा आकडा ऐकायला बरा वाटतो, पण वय आणि लिंग धरून हिशेब केला की मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता मिनिटाला ५७ मिलिलिटरच्या आसपास येते. ती ६०च्या खाली राहिली तर मूत्रपिंडांवर लक्ष ठेवावे लागते. सोनोग्राफीत खडा नव्हता, लघवी मात्र बरीच आम्ल होती. अशा लघवीत युरिक ॲसिडचे खडे होतात आणि ते साध्या एक्स-रेमध्ये दिसत नाहीत. माझ्या दिरांना पूर्वी असा खडा झाला होता. एक्स-रे स्वच्छ आल्यामुळे त्यांची पोटदुखी बरेच दिवस पित्ताच्या खात्यात जमा होती. याच खड्यांची एक चांगली बाजू अशी की लघवीची आम्लता औषधाने कमी केली तर ते बऱ्याचदा विरघळतात. मला दिवसाकाठी दोन-अडीच लिटर पाणी पिण्यास सांगितले गेले आणि सर्रास मिळणारी वेदनाशामके डॉक्टरांना न विचारता घेण्याची मनाई झाली, कारण कमकुवत मूत्रपिंडांना ती आणखी त्रास देतात.

रक्तदाबाची गोळी मी स्वतःहून बंद करू नये, हे मिरजेच्या डॉक्टरांनी दोनदा बजावले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या नावे त्यांनी चिठ्ठी दिली आणि नेहमीच्या डॉक्टरांनी ती गोळी बदलून लोसार्टान व अम्लोडिपिन सुरू केले. लोसार्टानने युरिक ॲसिड थोडे उतरते, हा त्यातला जादा फायदा. कमी मात्रेतले ॲस्पिरिनही युरिक ॲसिड वाढवते, पण हृदयासाठी ते चालू असेल तर गाऊटसाठी बंद करत नाहीत. क्षयरोगाच्या उपचारातले पायराझिनामाइड तर ते बरेच वाढवते. आपल्याकडे क्षयाचे औषध असंख्य घरांत जाते, तेव्हा त्या काळात युरिक ॲसिडचा आकडा चढलेला दिसला तर घाबरून औषध सोडू नये, एवढे या निमित्ताने सांगून ठेवते.

आता खाण्याविषयी. निदानाची बातमी घरात पसरली आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटातले पदार्थ कमी होऊ लागले. वन्संनी तूर, मूग, मसूर, हरभरा सगळ्या डाळी बंद केल्या. शेजारणीने पालक, टोमॅटो आणि वांगे वर्ज्य असल्याचे सांगितले, कोणी दही आणि लिंबू वातूळ ठरवले, आणि माझ्या हातात भात, भाकरी व दुधी भोपळा एवढेच उरले. वजन उतरू लागले, अंगातली ताकद गेली. पुढच्या भेटीत ही यादी मी डॉक्टरांना वाचून दाखवली तेव्हा त्यांनी ती बाजूला ठेवायला सांगितली. प्राण्यांचे काळीज, भेजा, लाल मांस, तिसऱ्या-कोळंबी, तारली-बांगड्यासारखे मासे आणि दारू, त्यातही बिअर, यांनी गाऊटचा धोका वाढतो, हे खरे. पण डाळींमध्ये प्युरिन असूनही डाळी खाणाऱ्यांत गाऊट अधिक आढळत नाही. अमेरिकेत ४७ हजारांहून अधिक पुरुषांची १२ वर्षे नोंद ठेवून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्युरिनयुक्त भाज्या आणि कडधान्यांचा गाऊटशी संबंध आढळला नाही, आणि दूध-दही अधिक घेणाऱ्यांत तर तो कमी दिसला. मी म्हटले, ते सगळे पुरुष होते. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘मग बायकांचा ऐका, तो तुम्हाला आवडणार नाही.’

तो अभ्यास गोड पेयांचा होता. अमेरिकेतल्या सुमारे ७९ हजार परिचारिकांची २२ वर्षांची माहिती २०१० साली मांडली गेली आणि त्यात साखर घातलेली शीतपेये व संत्र्याचा रस रोज पिणाऱ्या बायकांत गाऊटचे प्रमाण अधिक आढळले. त्याचे कारण फळशर्करा, म्हणजे फ्रुक्टोज. यकृतात तिच्यावर प्रक्रिया होताना पेशींचा ऊर्जासाठा झपाट्याने खर्च होतो आणि त्या खर्चाचा कचरा म्हणून युरिक ॲसिड तयार होते. साध्या साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोजच असतो. आम्ही उसाच्या पट्ट्यात राहणारी माणसे. उन्हाळ्यात गुऱ्हाळावरचा रस, भाकरीबरोबर काकवी, पाहुण्यांसाठी सरबत, आणि शाकाहारी आहोत म्हणून आपण सुरक्षित आहोत अशी खात्री. माझी डाळ परत आली आणि उसाचा रस गेला, ही अदलाबदल घरात कोणालाच पटवता आली नाही. वन्सं आजही माझ्या वाटीत आमटी वाढताना हात आखडता घेतात.

उपासाचाही मुद्दा निघाला. कडक उपासात शरीर स्वतःची चरबी जाळू लागते, तेव्हा तयार होणारी आम्ले मूत्रपिंडात युरिक ॲसिडची वाट अडवतात आणि निर्जळी असेल तर भर पडते. एकादशी मी सोडलेली नाही; पाणी, ताक आणि थोडे खाणे चालू ठेवून करते. पण पथ्य कितीही काटेकोर पाळले तरी त्याने युरिक ॲसिड साधारण १ मिलिग्रॅमच उतरते, असे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट केले होते. ८.९ मधून १ वजा केले तर ७.९ राहते आणि त्या आकड्याला स्फटिक विरघळत नाहीत, हे गणित कोणालाही जमण्यासारखे आहे. उरलेले काम औषधाचे.

औषधे दोन जातींची होती आणि त्यांची गल्लत अनेक रुग्ण करतात असे मला प्रतीक्षाकक्षातल्या गप्पांत दिसले. कोल्चिसिन दाह शमवते. युरिक ॲसिडवर त्याचा काही परिणाम नाही. ॲलोप्युरिनॉल युरिक ॲसिड तयार करणाऱ्या विकराला अडवते. चालू वेदनेवर त्याचा काही उपयोग नाही. हे औषध गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी शोधले आणि १९८८च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात ते दोघे सहभागी होते. मला ॲलोप्युरिनॉल १०० मिलिग्रॅमपासून सुरू केले, बरोबर रोज कोल्चिसिनची अर्ध्या मिलिग्रॅमची एक गोळी. दोन सूचना ठळक अक्षरांत लिहून मिळाल्या. पहिल्या काही महिन्यांत अंगावर पुरळ उठले, तोंडात चट्टे आले किंवा ताप आला तर ॲलोप्युरिनॉल ताबडतोब बंद करून दवाखाना गाठायचा, कारण क्वचित त्याची जीवघेणी प्रतिक्रिया येते. आणि गोळी सुरू असताना झटका आला तर ती बंद करायची नाही.

दुसरी सूचना ऐकायला विचित्र वाटते, पण झाले तसेच. गोळी सुरू करून फार काळ लोटला नव्हता तोच अंगठा पुन्हा सुजला. रक्तातली पातळी उतरू लागली की जुने स्फटिक बाहेरून विरघळून सुटे होतात आणि सुट्या स्फटिकांवर पेशी तुटून पडतात. कोल्चिसिन आधीपासून देतात ते यासाठीच. घरचे सगळे म्हणाले, औषध लागू पडत नाही, उलट बाधले. मिरजेला फोन केला, चार-पाच दिवस कोल्चिसिन वाढवून मिळाले आणि ॲलोप्युरिनॉल तसेच चालू राहिले. अनेक रुग्ण नेमके याच टप्प्यावर औषध सोडतात आणि पुढची कित्येक वर्षे फक्त झटक्यापुरती वेदनाशामके घेत राहतात, असे डॉक्टरांचे निरीक्षण होते. यानंतर दर तपासणीला मात्रा वाढवली गेली. आकडा ७.४ वर आला, मग ६.३ वर आणि ३०० मिलिग्रॅमला ५.२ वर. ६च्या खाली राहणे हे सर्वसाधारण ध्येय. गाठी असतील तर ५च्या खाली, म्हणजे साठा लवकर विरघळतो.

याच काळात एका परिचिताने परसातल्या कळलावीचा कंद उगाळून लावण्याचा, आणि ‘अगदी थोडा पोटात घेण्याचा’ सल्ला दिला. कळलावीच्या कंदात कोल्चिसिनच असते, हे त्याला ठाऊक नव्हते. झाडातले औषध गोळीतही आहे, मग झाडाचेच का नको, असे कोणी विचारील. तर कोल्चिसिनची उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांच्यात अंतर फार थोडे आहे आणि कंदात ते किती आहे हे डोळ्यांना दिसत नाही. कळलावीच्या विषबाधेने माणसे दगावतात. अंतर किती थोडे आहे याचा प्रत्यय पुढे दुसऱ्या रूपातही आला. खोकल्यासाठी बाहेरगावी एका दवाखान्यात मला क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिले. औषधाच्या दुकानातल्या मुलाला मी सवयीने माझ्या चालू गोळ्यांची यादी दाखवली. त्याने कोल्चिसिनवर बोट ठेवले, चिठ्ठी परत दिली आणि डॉक्टरांना विचारून येण्यास सांगितले. क्लॅरिथ्रोमायसिनमुळे कोल्चिसिन शरीरातून बाहेर पडत नाही आणि ते विषारी पातळीपर्यंत साठू शकते. प्रतिजैविक बदलून मिळाले. ती यादी आता माझ्या पाकिटात कायम असते.

माझ्या आजारामुळे घरातल्या इतरांची तपासणी झाली आणि ह्यांचे युरिक ॲसिड ७.६ निघाले. ह्यांना सांध्याची तक्रार कधीच नव्हती. हिला गोळी चालू आहे तर मलाही द्या, असा त्यांनी आग्रह धरला, तेव्हा डॉक्टरांनी नकार दिला. रक्तात युरिक ॲसिड जास्त असलेल्यांपैकी बहुसंख्य लोकांना गाऊट कधीच होत नाही, आणि केवळ आकड्यासाठी गोळी देऊ नये असेच अमेरिकन संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेची २०२० सालची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. मूत्रपिंड आणि हृदयासाठी तरी, असे ह्यांनी पुढे विचारले, कारण वाढलेले युरिक ॲसिड, उच्च रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडविकार आणि हृदयविकार ही मंडळी एकाच माणसात वारंवार एकत्र दिसतात. पण एकत्र दिसणे म्हणजे एकाने दुसरे घडवणे नव्हे. ॲलोप्युरिनॉल देऊन मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावतो का, हे तपासणाऱ्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष २०२० साली आले आणि दोन्हींत फायदा दिसला नाही. हृदयविकाराच्या रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या मोठ्या चाचणीतही २०२२ साली तेच निष्पन्न झाले. तेव्हा ह्यांना मिळाला तो सल्ला वजन, रक्तदाब, साखर आणि पाणी यांचा. आणि सांधा कधी असा सुजला तर झटक्यात नव्हे, नंतर पुन्हा रक्त तपासण्याचा. खेप फुकट गेल्यासारखे तोंड करून ते परत आले.

कोल्चिसिन काही महिन्यांनी बंद झाले आणि त्यानंतर झटका आलेला नाही. ॲलोप्युरिनॉल चालू आहे आणि ते बहुधा कायम राहील. मध्यंतरी मात्रा थोडी वाढवून युरिक ॲसिड ४.७ वर आणले आहे, कारण बोटांवरच्या दोन ठिपक्यांपैकी एक गेला असला तरी दुसरा अजून दिसतो. दर सहा महिन्यांनी युरिक ॲसिड, क्रिएटिनिन आणि यकृताची तपासणी करून कागद मिरजेला दाखवायचे ठरले आहे. दुसरा ठिपकाही गेला की ५च्या खालचा आग्रह सोडून ६च्या खाली राहण्यापुरती मात्रा ठेवता येईल का, हे त्या वेळचे आकडे पाहून ठरवू, असे डॉक्टर म्हणाल्या आहेत.